नूरजहां फुप्पीचा अंगठा

नूरजहां येणारच नाही, याची बशीरमियांना इतकी खात्री होती की ईदच्या जेवणाच्या दस्तरखानावर त्यांनी सगळ्यांसमोर शब्द देऊन टाकला होता. “तिनं सही देल्ली त मी बी देतो. जा, कर काय कराचं ते.”

हा शब्द त्यांनी धाकट्या मुलाला, फहीमला दिला होता. फहीम बुलढाण्यात मोबाइलचं दुकान चालवतो. सुलतानपूरच्या घराला लागून असलेली खरादाची खोली, जिथे बशीरमिया खरादावर लाकूड कातायचे, ती त्याला विकायची होती. खोली रस्त्यावर होती, आणि गजेंद्रशेठ टाइल्सवाले तिथे शोरूम काढायला टपून बसले होते. उताऱ्यावर नावं दोन, बशीरमियांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे फहीमच्या नूरजहां फुप्पीचं. बहीण जळगाव जामोदला, म्हणजे जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. सुलतानपूर खालच्या टोकाला. मधे दोन गाड्या बदलाव्या लागतात, मे महिना, आणि नूरजहांचे गुडघे जिन्याची एक पायरी चढतानासुद्धा साऱ्या पीरांची नावं घेतात. एवढा हिशेब करूनच बशीरमियांनी शब्द दिला होता.

फहीमने भाड्याची एसी गाडी केली.

शनिवारी दुपारी साडेचारला फुप्पी दारात उतरली. आधी काठी, मग पाय, मग पानाचा डबा, मग स्वतः.

“हे घर हाय का भट्टी?” तिने ओट्यावर बसतच विचारलं.

घरात त्या वेळी मोठी सून कौसर एकटी होती. तिचा नवरा कलीम ट्रक घेऊन नागपूरकडे गेलेला. मुलगी मलिहा बाजाराला मेहकरला गेलेली. बशीरमिया असरच्या नमाजाला. कौसरने सलाम केला, पाणी दिलं आणि लिंबाचं सरबत करायला आत पळाली. फुप्पीचं पहिलं मत सरबतावरून बनतं आणि पुढे दहा वर्षं बदलत नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

“फहीम, एखादा कूलर-गिलर हाय का नाई तुमच्या घरात?”

फहीमला तेच हवं होतं. येताना वाटेत त्याने फुप्पीला चिखलीला थांबवून कुल्फी चारली होती, मेहकरला उशी विकत घेतली होती. सही परवा, सोमवारी होती. तोपर्यंत फुप्पीला जे म्हणेल ते. त्याने खरादाच्या खोलीत डोकावलं. कोपऱ्यात जुना पत्र्याचा कूलर उभा होता, वरून ओलं पोतं टाकलेलं. ‘अब्बा बी कमाल हायेत,’ त्याला वाटलं, ‘घरात कूलर हाय अन् लाकडाले हवा देऊन राह्यले.’ त्याने पोतं काढून फेकलं, कूलर ढकलत बैठकीत आणला, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि खटका दाबला.

तेवढ्यात गजेंद्रशेठ आले, हातात पेढे. गाडी आल्याचं त्यांना चौकातच कळलं होतं.

“नमस्कार फुप्पी! या वयातही तब्येत कशी ठणठणीत ठेवली!”

“कोन हा?” फुप्पीने फहीमला विचारलं.

“खोली घेनारे, फुप्पी. गजेंद्रशेठ.”

“मंग बसा इथंसा, हवेत बसा.”

कूलर आधी खरखरला, मग थरथरला, आत काहीतरी खण्णकन पडलं, आणि मग झकास वारा सुटला. वाऱ्याबरोबर बारीक तुषार. फुप्पीने डोळे मिटले, पदर सारला आणि तोंड पुढे केलं.

“या अल्ला, काय गार शितोडे येऊन राह्यले! फहीम, जुग जुग जी रे बाबा.”

गजेंद्रशेठनीही खुर्ची पुढे ओढली. कौसर सरबताचा ट्रे घेऊन आली तीही वाऱ्यासमोर दोन मिनिटं थांबली, कारण सैपाकघरात जीव नुसता उकडून निघाला होता. ट्रे ठेवताना तिने विचारलं, “भाईजान, हा कूलर कुठून आनला?”

“तुमच्याच घरातला हाय, भाभी.”

कौसरचा हात ग्लासावरच राहिला.

*

बशीरमिया मशिदीच्या वळणावर होते तेव्हाच त्यांना तो आवाज आला. स्वतःच्या कूलरचा आवाज माणूस विसरत नाही. नऊ महिने तो बंद होता. बंदच राहायचा होता. त्याचा पंखा सुरू करायचा नव्हता. फक्त गवत ओलं ठेवायचं होतं, कारण आत डबा होता.

डब्याची गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. लोणारचं सरोवर बघायला आलेली पुण्याची एक बाई ‘लाखकाम करून मिळेल’ ही पाटी वाचून थांबली होती. तिच्या आजोबांनी चीनमधून आणलेला लाल डबा, त्यावर फुलं, ढग, डोंगर इतके खोल कोरलेले की बोट आत जावं. झाकणाची मूठ तुटलेली. बशीरमियांनी डबा हातात घेतला, वास घेतला आणि तिला सांगितलं, “ही लाखच हाय. आमचंच काम.” त्यांचे अब्बा, अब्बांचे अब्बा सगळे खरादी. पाळण्याचे पाय, बेलणी, खाटेचे आडवे गाते. लाकूड खरादावर फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घासून गरम होते, वितळते आणि लाकडाला धरते. लाख म्हणजे उष्णतेची गोष्ट. त्यांनी बाईच्या देखत झाकण खरादावर चढवलं आणि लाल कांडी टेकवली.

लाख धरली नाही. आधणाच्या पाण्यावर तेल सरकावं तशी सरकली आणि त्यांच्याच दाढीवर उडाली.

बाई हसली नाही, ते जास्त लागलं. शेवटी सागाची नवी मूठ बसवून त्यांनी डबा परत केला. मलिहाने फोनवर शोधून आजोबांना सांगितलं, “दादा, ही किड्याची लाख नाई. झाडाचा चीक हाय. एकावर एक शंभर थर देतात, अन् मंग कोरतात. अन् हे झाड आपल्या बिब्ब्याच्या जातीचं हाय म्हने. वाळवाले उन्हात नाई ठेवत, ओलाव्यात ठेवतात.”

चौसष्ट वर्षांच्या माणसाला ‘ओलाव्यात वाळवायचं’ हे ऐकून आधी राग आला, मग झोप आली नाही. सकाळी ते म्हणाले, “बिब्बे आन. तसा डबा आपन करू.”

बिब्ब्याचं तेल, जवसाचं तेल, एका थराला काजळ, एका थराला लाल हिंगूळ. पहिले चार डबे सुरकुतले, पाचवा चिकटच राहिला. सहावा कूलरच्या ओल्या गवतात तीन दिवसांत टणक झाला. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी एक थर. मलिहा भिंतीवर कोळशाची रेघ ओढत होती. कालपर्यंत शहाण्णव रेघा झाल्या होत्या. आज दुपारी शेवटचा थर देऊन त्यांनी डबा आतल्या फळीला दोरीने बांधला होता आणि उरलेल्या बिब्ब्याची वाटी त्याच फळीवर ठेवली होती.

ते धावले. वहाण एक वाटेत राहिली.

“बंद कर! बंद कर बे तो कूलर!”

बैठकीत सगळ्यांनी वळून पाहिलं. फुप्पीने सहा वर्षांनी भावाला पाहिलं ते असं: एका पायात वहाण, दाढी वाऱ्यावर आणि तोंडात पहिलं वाक्य हे.

“सलाम नाई, दुआ नाई,” ती म्हणाली. “म्हातारी बहीन आली त लाइटीचं बिल आठवलं तुले.”

“आपा, सरक! तोंड पुस!”

“काऊन पुसू? चांगलं गार लागून राह्यलं.”

बशीरमियांनी वायरच उपटली. वारा थांबला. मग ते पहिल्यांदा कूलरच्या आत डोकावले. डबा फळीला होता. मग टाकीत डोकावले. वाटी पाण्याच्या तळाशी होती आणि पाण्यावर काळी साय तरंगत होती. तीच साय पंपाने गवतावर चढली होती आणि पंख्याने बैठकीत आली होती.

ते वळले. फुप्पीच्या कपाळावर, गालांवर, दोन्ही हातांवर तिळाएवढे काळे ठिपके होते. फहीमवर होते. कौसरवर थोडे. गजेंद्रशेठच्या पांढऱ्या सफारीवर इतके होते की कापडच छापील वाटत होतं.

“हे काय हाय चाचा?” शेठनी बोटाने गाल पुसत विचारलं, आणि पुसताना ठिपक्याची रेघ झाली.

“बिब्बा,” बशीरमिया म्हणाले.

बिब्बा अंगाला लागला की कातडं उततं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही.

“चाचा,” गजेंद्रशेठ हळूच म्हणाले, “सौद्यात बिब्बा घालनारे लय पाह्यले. पन असा वाटीनं घालनारा नाई पाह्यला.”

*

रविवारी सकाळी सगळे उतले.

मलिहाने फुप्पीला, म्हणजे तिच्या दादीला, आरसा द्यायचं टाळलं, पण दादीने पानाच्या डब्याचं चकचकीत झाकण पुढे धरलंच. डोळे दोन फटी झाले होते. ओठ पुढे आले होते. उजव्या हाताचा अंगठा वांग्यासारखा फुगून निळसर झाला होता.

“ही कोन हाय?” दादीने झाकणाला विचारलं.

शेजारच्या गीताबाई खोबरं आणि तीळ वाटून घेऊन आल्या. त्यांनी ओळीने सगळ्यांना लेप दिला. आधी फुप्पी, मग कौसर, मग फहीम. फहीम “बाईनं नको, मी लावतो” म्हणाला, पण त्याला डोळे उघडता येत नव्हते, आणि त्याने पहिला लेप उशीला लावला.

“इतका बिब्बा आनला कुठून बशीरभाऊंनी?” गीताबाईंनी विचारलं. “आपल्याकडं त एवढा भेटत नाई.”

मलिहा एकदम भांडी आवरायला लागली. दादीने फटीतून तिच्याकडे पाहिलं.

“थांब व पोरी. दिवाळीच्या आंगंमागं फोन कोनं केल्ता मले? ‘दादी, पाच किलो बिब्बे पाठवा, दादाचे गुडघे दुखतात.’ मी सातपुड्यातल्या मानसाकडून निवडून निवडून घेतले. एस.टी.नं पाठवले.”

“हाव दादी.”

“म्हंजे माह्याच बिब्ब्यानं मले उतवलं!”

ती इतकी हसली की लेप गळायला लागला, आणि ओठ ताणून दुखल्यामुळे तिने लगेच शिव्याही दिल्या. मलिहाला पहिल्यांदाच वाटलं की ही म्हातारी कदाचित फहीमचाचाच्या बाजूची नसेल. पण कोणाच्या बाजूची आहे, ते कळेना.

बशीरमिया मात्र कोरडे होते. नऊ महिन्यांत बिब्बा त्यांना इतक्यांदा उतला होता की आता अंगच मानत नव्हतं. हे घरात कोणालाच आवडलं नाही.

*

सोमवारी फहीमने तरीही गाडी बोलावली.

“सूज हाय, मेलो नाई आपन,” तो म्हणाला. “तारीख चुकली त शेठ दुसरीकडं जाईन.”

रजिस्ट्रीच्या ऑफिसात बाकावर तिघे बसले: फुप्पी, फहीम आणि गजेंद्रशेठ. शेठच्या पुतणीचं काल लग्न होतं. फोटोत त्यांना शेवटच्या रांगेत, फेटा खाली ओढून उभं केलं होतं. बशीरमिया जरा लांब, खांबाला टेकून उभे. शब्द दिला होता म्हणून आले होते. रस्ताभर ते काही बोलले नव्हते, फक्त खोलीची किल्ली या खिशातून त्या खिशात करत होते.

क्लार्कने मान वर केली आणि खुर्ची मागे सरकवली.

“कांजण्या?”

“नाई साहेब,” फहीम म्हणाला. “कूलर.”

क्लार्कने यावर विचार केला, पण पुढे विचारलं नाही. त्याने फुप्पीचं आधारकार्ड घेतलं. फोटो पाहिला. फुप्पीला पाहिलं. परत फोटो.

“या बाई ह्याच कशावरून?”

“मी मीच हाय,” फुप्पी म्हणाली.

“ओळख पटवनारा कोन?”

“मी. भाचा,” फहीम पुढे झाला आणि त्याने स्वतःचं आधारकार्ड दिलं. क्लार्कने त्याचाही फोटो पाहिला.

“आणि तुमची ओळख पटवनारा कोन?”

फहीमने गजेंद्रशेठकडे हात केला. शेठनी फटीतून नमस्कार केला. बशीरमिया खांबाआड सरकले. क्लार्कने पेन खाली ठेवलं.

“आजी, अंगठा ठेवा इथं.”

फुप्पीने अंगठा यंत्राच्या काचेवर ठेवला. यंत्राने लाल दिवा लावला. पुसून ठेवला. लाल. क्लार्कने रुमालाआडून तो दाबून पाहिला, तेव्हा फुप्पी अशी ओरडली की बाहेरच्या चहावाल्याने आत डोकावलं.

“अंगठ्यावर रेषाच नाही राहिल्या,” क्लार्क म्हणाला. “सूज उतरू द्या. पुढच्या सोमवारी या. सगळ्यांचीच उतरू द्या.”

*

अशा रीतीने नूरजहां फुप्पी माहेरी आठ दिवस अडकली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, इतके दिवस ती इथे सलग कधीच राहिली नव्हती. फहीमही अडकला, कारण असं तोंड घेऊन तो दुकानात बसला असता तर गिऱ्हाइकांनी फोन परत केले असते. घरात दोन फळ्या पडल्या. सकाळी फहीम फुप्पीला पाय दाबून द्यायचा आणि गजेंद्रशेठच्या शोरूमबद्दल सांगायचा. दुपारी मलिहा केसांना तेल लावायची आणि डब्याबद्दल सांगायची. फुप्पी दोघांचंही घेत होती आणि कोणालाच काही देत नव्हती. कौसर संध्याकाळी तिला भजी द्यायची आणि काहीच बोलायची नाही. फुप्पीला तीच जास्त आवडायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी फुप्पी काठी टेकत खरादाच्या खोलीत गेली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून उभी राहिली.

“इथं खुंटी होती,” ती मलिहाला म्हणाली. “तव्हा मोटर नव्हती. खराद दोरीनं फिरे. एकानं ओढाची, एकानं पटाशी धराची. सात वर्साची होती तव्हापासून लगन होईपर्यंत मी ओढली. दोन्ही हाताले घट्टे होते. नवऱ्यानं इचारलं, ‘हे काय?’ मी म्हनलं, मेंदी जळली.”

“अन् पटाशी, दादी?”

“पटाशी बशीरनं धराची. पोरीनं नाई धराची. तो माह्याहून चार वर्सानं लहान. नाक पुसता येत नव्हतं, अन् पटाशी धरे.”

बशीरमिया पलीकडे बसून कूलरच्या गवताचे चिकटलेले तंतू डब्यावरून घासून काढत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटचा थर बिघडला होता, पण खालचे शहाण्णव शाबूत होते. जाडी ज्वारीच्या दाण्याएवढी. झाकणावर त्यांनी खडूने मोर काढला होता, वेलीवर बसलेला. आता फक्त कोरायचं होतं. आणि ते कोरत नव्हते. मंगळवारी उजेड बरोबर नव्हता. बुधवारी कोरणीला धार नव्हती. गुरुवारी धार होती पण वारा होता. शुक्रवारी शुक्रवार होता.

रविवारी सकाळी सगळे खोलीत जमले. सूज उतरली होती. कातडं सोलून गुलाबी झालं होतं. गजेंद्रशेठही आले होते, उद्याच्या वेळेची आठवण द्यायला. उद्या दहा वाजता रजिस्ट्री. बशीरमियांनी डबा मांडीत घेतला, कोरणी उचलली, टेकवली आणि परत उचलली.

“डोळ्यात काईतरी गेलं.”

“तू भेऊन राह्यला,” फुप्पी म्हणाली.

“मी? पंचावन्न वर्सं काम केलं मी.”

“लाखेचं. हे लाखेचं नाई. वरचा पापुद्रा उडाला अन् आत सारं पोकळ निंगालं त नऊ महिने गेले. अन् उद्या खोली बी गेली. म्हून हात थांबून राह्यला.”

फहीमने घड्याळ पाहिलं. मलिहाने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. खरं तर तिलाही तीच भीती होती. कोरून पाहिल्याशिवाय आत काय जमलंय ते कोणालाच सांगता येणार नव्हतं.

“आन इकडं,” फुप्पी म्हणाली.

“आपा, हे खेळनं नाई.”

“एक्कावन्न वर्सं आंधी बी तू हेच म्हनलं होतं. आन.”

तिने डबा त्याच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला. गुलाबी अंगठा कोरणीच्या पाठीवर दाबला आणि जोराने ओढली, दोरी ओढायची सवय असलेल्या हाताने, जरा जास्तच. कोरणीपुढे एक बारीक साल वळत वळत निघाली. तुटली नाही. चीर खोल गेली होती आणि चिरेच्या दोन्ही कडांना ओळी दिसत होत्या, काळी, लाल, काळी, लाल, केसाएवढ्या, सगळ्या एकमेकींना धरून.

मलिहाने तोंडावर हात ठेवला. गजेंद्रशेठ वाकून पाहायला लागले, आणि बिब्ब्याची आठवण होऊन दोन पावलं मागे सरकले.

बशीरमियांनी चीर पाहिली. मग खडूचं चित्र पाहिलं.

“आपा, मोराची मान कापली तू.”

“मंग कोंबडी कर.”

“फुप्पी,” फहीमने संधी साधली, “झालं ना मनासारखं? उद्या नऊले गाडी येईन. अंगठा बी भरला.”

फुप्पीने अंगठा उजेडात धरला. नव्या कातडीवर बारीक रेषा उमटल्या होत्या.

“भरला,” ती म्हणाली. “जाऊ ना. पन सही कराची त आंधी वाटे पडले पाह्यजेत. अब्बाच्या जागेत भावाचे दोन, बहिनीचा एक. बरोबर, शेठ?”

“बरोबर,” शेठ म्हणाले. कागदपत्रांचं कोणी विचारलं की त्यांना बरं वाटायचं.

“मले जास्त नाई पाह्यजे. दोन वाटे तुमचे, इका नाईतर ठेवा. माहा एक.” तिने काठी उचलली आणि जमिनीवर रेघ ओढली, दाराच्या या चौकटीपासून खरादाच्या मागच्या पायापर्यंत. “हा. मी इथं उभी राहून दोरी ओढली. हा मी देत नाई.”

गजेंद्रशेठनी रेघ पाहिली. दार रेघेच्या अलीकडे, फुप्पीच्या वाट्यात होतं. रस्ता रेघेच्या अलीकडे होता. पलीकडे भुसा, लाकडं आणि मागची भिंत.

“फुप्पी,” ते म्हणाले, “मंग आमचं गिऱ्हाईक आत येईन कुठून?”

“मले इचारून.”

आठ दिवस फहीमनेच तिला समजावलं होतं की फुप्पी, हक्क तुमचा हाय, कोणाच्या दबावात येऊ नका. शेठनी कागदांची पिशवी काखेत मारली. जाताना ते कौसरला एवढंच म्हणाले, “तो कूलर मातर इकाचा असंल त कोनाले देजा, आमाले नका देऊ.”

बशीरमिया खुशीत आले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, दाढीवरून हात फिरवला आणि फहीमकडे असं पाहिलं, जणू सगळं आपणच जुळवून आणलं होतं.

“किल्ली इकडं,” फुप्पी म्हणाली.

“काऊन?”

“दार माह्या वाट्यात हाय. खराद बी. तिथं आता मलिहा बसन. पटाशी, कोरनी, सारं तिच्याजवळ राहीन. तुले बसाचं असंल त तिले इचाराचं.”

“माह्याच खरादावर मी पोट्टीले इचारू?”

“इचार. जीभ झिजत नाई.”

किल्ली मलिहाच्या हातात पडली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

सोमवारी सकाळी फहीम फुप्पीला सोडायला निघणार होता, पण फुप्पी म्हणाली, दोन दिवस थांब, इथं काम अर्धं पडलंय. फहीम ओट्यावर बसून दुकानातल्या नोकराला फोनवर झापत राहिला. आत खोलीत दोघी डब्यावर वाकल्या होत्या. बशीरमिया चहा पिऊन सवयीने आले, दाराशी आले आणि थांबले. त्यांनी वहाणा काढल्या. खाकरले. पुन्हा खाकरले.

“कोन हाय?” आतून फुप्पीचा आवाज आला.

“मी. बशीर.”

“काम काय हाय?”

बशीरमियांनी रस्त्यावर कोणी ऐकत नाही ना ते पाहून घेतलं.

“कोंबडीचे पाय राह्यले,” ते म्हणाले.

आत जरा कुजबुज झाली. मग मलिहाने दार उघडलं.